पुवाच्या सोरायसिसवर बायोलॉजिक इंजेक्शन: नागपुरात नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी

सोरायसिस म्हटलं की कोपरांवर-गुडघ्यांवर चंदेरी खपल्या असलेले चट्टे डोळ्यांपुढे येतात. माझाही आधी तसाच होता, पण तसा राहिला नाही. जानेवारीतल्या एका रात्री हुडहुडी भरून ताप आला. सकाळी पोट आणि मांड्या लालभडक झाल्या होत्या, आणि दुपारपर्यंत त्या लालीवर टाचणीच्या टोकाएवढ्या पांढऱ्या पुळ्या उठल्या, मोजता येणार नाहीत इतक्या. संध्याकाळी त्या एकमेकींत मिसळून पुवाची थारोळी झाली. अंगाला पदर लागला तरी भाजल्यासारखं व्हायचं. आजाराचं नाव जनरलाइज्ड पस्च्युलर सोरायसिस, डॉक्टर नुसतं जीपीपी म्हणतात.

आता तीन वर्षं झाली, मी बायोलॉजिक इंजेक्शनवर आहे. मी डॉक्टर नाही, शाळेत गणित शिकवते. कुठलं औषध घ्यायचं हे तुमचे त्वचारोगतज्ज्ञ सांगतील. मी सांगते ते त्यांच्या केबिनबाहेरचं. टोचायला दहा-पंधरा सेकंद लागतात, पण त्याआधीची तयारी महिनाभराची असते, आणि बहुतेकांची गाडी तिथेच अडते.

निदान कागदावर पक्कं करून घ्या

पू दिसला की कुणालाही आधी जंतुसंसर्गच वाटतो. मलाही पहिले चार दिवस नुसती अँटिबायोटिक्स चालू होती. जीपीपीच्या पुळ्यांतला पू निर्जंतुक असतो: तो कल्चरला पाठवला तर त्यात जंतू वाढत नाहीत. शरीरातल्याच पांढऱ्या पेशी त्वचेत गर्दी करतात, त्यांचा हा पू. म्हणूनच तो स्पर्शाने दुसऱ्याला लागत नाही. हे वाक्य घरात सगळ्यांसमोर डॉक्टरांकडूनच वदवून घ्या. आपण सांगितलं तर सासरचे ऐकतात, पण टॉवेल वेगळाच ठेवतात.

तीन कागद हाताशी हवेत: पुवाच्या कल्चरचा रिपोर्ट, त्वचेच्या तुकड्याचा म्हणजे बायोप्सीचा रिपोर्ट, आणि पुरळ ऐन भरात असतानाचे तारखेसह फोटो. काही औषधांच्या रिअ‍ॅक्शननेही अगदी अशाच पुळ्या येतात, त्यामुळे आधीच्या महिन्यात घेतलेल्या प्रत्येक गोळीची यादी लागते. रक्तात पांढऱ्या पेशी वाढलेल्या आणि कॅल्शियम उतरलेलं सापडू शकतं. फोटो काढायला मला लाज वाटत होती, नवऱ्याने जबरदस्तीने काढले. पुढे विम्याच्या फाइलमध्ये सर्वांत जास्त कामी तेच आले.

हा आजार नवा नाही. फॉन त्सुम्बुश यांनी 1910 मध्ये एका भावा-बहिणीतला हा आजार नोंदवला होता. आयएल-36 नावाच्या दाहाच्या संदेशाला आवर घालणारं एक जनुक असतं. काही रुग्णांत ते बिघडलेलं असतं, हे 2011 मध्ये ट्युनिशियातल्या काही कुटुंबांच्या अभ्यासातून कळलं. सगळ्यांत हा बिघाड सापडत नाही. तेव्हा 'आमच्या घरात कुणालाच नाही, मग मला कसा' यावर झोप घालवण्यात अर्थ नाही.

पुडीचं खरं सांगा

पुवाचा होण्याआधी नुसते चट्टे होते, तेव्हा जाऊबाईंनी एका गावच्या औषधाचा पत्ता दिला होता. "काहून येवढी घाबरून राहिली तू? महिनाभर पुड्या घे अन् मोकळी हो." घेतल्या. आठ दिवसांत अंग आरशासारखं लख्ख. चेहरा थोडा गोल झाला, भूक वाढली, मला वाटलं तब्येत सुधारली. चार महिन्यांनी पुड्या संपल्या, मी पुन्हा गेले नाही, आणि दोन-तीन आठवड्यांत ती जानेवारीतली रात्र आली.

अशा पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइड कुटून घातलेलं असतं. अंगात गेलेलं स्टेरॉइड एकाएकी बंद पडलं की साधा सोरायसिस पुवाचा होऊ शकतो. या आजाराच्या ठाऊक असलेल्या कारणांत हे अगदी वरचं आहे. गर्भारपण, संसर्ग, कमी कॅल्शियम, लिथियम आणि मलेरियाच्या काही गोळ्या यांचीही नावं त्या यादीत येतात. पण आपल्याकडे ओपीडीत पहिला प्रश्न पुडीचाच विचारतात.

मी दोन डॉक्टरांपुढे खोटं बोलले. तिसऱ्या बाईंनी कागद बाजूला ठेवून विचारलं, "ताई, रागावणार नाही. पुडी किती दिवस घेतली तेवढं सांगा." मग सांगितलं. तुम्ही पहिल्याच दिवशी सांगा. पुडी, 'गोरं करणारं' मलम, दम्यासाठी घेतलेल्या बारीक पांढऱ्या गोळ्या, जे असेल ते, जमल्यास नमुन्यासह. आणि चालू असेल तर मनानेच बंद करू नका, ते हळूहळू कमी करायचं असतं.

भरात असताना भरती व्हा, इंजेक्शन शोधत फिरू नका

ताप, अंगभर पुळ्या, धाप, लघवी कमी, बरळणं: यातलं काही दिसलं तर तो दवाखान्याबाहेर रांग लावण्याचा दिवस नसतो. त्वचा हा शरीराचा राखणदार, तो अंगभर फाटला की पाणी, क्षार, प्रथिनं झरून जातात, जंतू आत शिरतात, हृदय आणि मूत्रपिंडावर ताण येतो. मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं किंवा मिहानमधलं एम्स, जे जवळ असेल तिथल्या कॅज्युअल्टीत जा. 'आधीपासून पस्च्युलर सोरायसिस आहे, स्टेरॉइड सुटलंय' हे वाक्य आधी सांगा आणि त्वचारोग विभागाला बोलवायला सांगा.

भडका आवरायला अनेकदा सायक्लोस्पोरिन किंवा अ‍ॅसिट्रेटिन देतात. अ‍ॅसिट्रेटिनबद्दल बायांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी: ते बंद केल्यावरही 3 वर्षं गर्भ राहू द्यायचा नाही, आणि 3 वर्षं रक्तदानही नाही. मूल हवं असेल तर पहिल्याच भेटीत सांगा.

कुठलं इंजेक्शन, हे समजून घेण्यापुरतं

बायोलॉजिक म्हणजे जिवंत पेशींमध्ये तयार केलेली प्रथिनं. साध्या गोळ्या सगळ्याच प्रतिकारशक्तीवर पांघरूण घालतात; ही प्रथिनं दाहाचा नेमका एक निरोप मधेच अडवतात. पोटात गेली तर पचून जातील म्हणून टोचावीच लागतात.

टीएनएफ, आयएल-17, आयएल-23 ही अशाच निरोपांची नावं. टीएनएफ अडवणारी इंजेक्शनं जुनी: इन्फ्लिक्सिमॅब सलाइनमधून, अ‍ॅडालिमुमॅब कातडीखाली. अ‍ॅडालिमुमॅबचं जगातलं पहिलं बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधाला तुल्य अशी प्रत, अहमदाबादच्या झायडसने 2014 मध्ये आणलं. मग आयएल-17 अडवणारं सेक्युकिनुमॅब, जे मी घेते. आयएल-23 अडवणारं गुसेलकुमॅब. आणि खास जीपीपीसाठीच बनवलेलं स्पेसोलिमॅब, जे तो आयएल-36चा दरवाजाच बंद करतं. त्याला अमेरिकेत सप्टेंबर 2022 मध्ये मान्यता मिळाली. 53 रुग्णांच्या चाचणीत 900 मिलिग्रॅमच्या एका सलाइननंतर आठवड्याने 54 टक्के रुग्णांच्या अंगावर एकही पुळी दिसत नव्हती. नकली सलाइन दिलेल्यांत हे प्रमाण 6 टक्के होतं. आकडे डोळे दिपवणारे आहेत, किंमतही तशीच आहे. मिळेल का, परवडेल का, हे डॉक्टरांना मोकळेपणाने विचारा. विचारायला पैसे पडत नाहीत.

एक विचित्र गोष्ट: टीएनएफ अडवणाऱ्या इंजेक्शनांनीच क्वचित कुणाला पुवाच्या पुळ्या येतात. शेजारणीला चाललं म्हणून मलाही तेच द्या, हा हट्ट इथे चालत नाही.

तपासण्या, आणि त्यांतली टीबी

हिमोग्राम, लिव्हर, किडनी, हिपॅटायटिस बी आणि सी, एचआयव्ही, छातीचा एक्स-रे, बायांना गर्भचाचणी. बाकीच्या उरकून जातात. टीबीपाशी थांबा.

आपल्यापैकी कितीतरी जणांच्या फुप्फुसात टीबीचे जंतू झोपलेले असतात. आयुष्यभर काही करत नाहीत. बायोलॉजिकने, त्यातही टीएनएफवाल्या इंजेक्शनांनी, प्रतिकारशक्तीचा पहारा सैल झाला की ते जागे होऊ शकतात. आयएल-17 आणि आयएल-23 वाल्यांत हा धोका बराच कमी, पण तपासणी सगळ्यांचीच होते. मांटू टेस्ट हातावर टोचतात आणि 48 ते 72 तासांनी ती सूज मोजायला परत जावं लागतं. शुक्रवारी टोचून घेतली आणि रविवारी लॅब बंद, असं माझं झालं. सोमवार ते बुधवार हे वार धरा. इग्रा ही रक्ताची तपासणी महाग, पण लहानपणी टोचलेल्या बीसीजी या टीबीच्या लशीने तिचा निकाल बिघडत नाही.

चाचणी पॉझिटिव्ह आली तर रडत बसू नका, मी एक संध्याकाळ रडले. झोपलेला टीबी म्हणजे टीबीचा आजार नाही, तो पसरतही नाही. प्रतिबंधक कोर्स असतो: 6 महिने रोज आयसोनियाझिड, किंवा आयसोनियाझिड आणि रिफापेंटिनचे आठवड्याला एक असे 12 डोस. साधारण महिनाभर कोर्स झाला की बायोलॉजिक सुरू करता येतं. कोर्स मात्र पुढे पूर्ण करायचा. आजार थांबण्याइतका सवडीचा नसेल तर क्रम डॉक्टर बदलतात. राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमात ही प्रतिबंधक औषधं मोफत आहेत. सरकारी केंद्रावर जाताना त्वचारोग डॉक्टरांची चिठ्ठी न्या, नाहीतर 'खोकला नाही मग कशाला आल्या' इथून सुरुवात होते.

याच महिन्यात दातांची कामं उरकून घ्या. न्यूमोनिया, फ्लू, हिपॅटायटिस बी यांच्या लशींबद्दल विचारा. जिवंत जंतूंच्या लशी बायोलॉजिक चालू असताना घेत नाहीत. बीसीजी त्यांतलीच. अलीकडे प्रौढांनाही बीसीजी देण्याच्या मोहिमा झाल्या; आशाताई दारात आल्या तर आपण कुठल्या औषधावर आहोत ते त्यांना सांगायचं.

पैसे: बारा धरू नका

इथे माझा विषय येतो. सेक्युकिनुमॅबचा नेहमीचा डोस 300 मिलिग्रॅम. सुरुवातीला 0, 1, 2, 3, 4 या आठवड्यांना, म्हणजे पहिल्याच महिन्यात पाच. मग दर चार आठवड्यांनी. वर्षाचे 52 आठवडे मोजले तर पहिल्या वर्षात 16 डोस होतात. 150 मिलिग्रॅमची इंजेक्शनं असतील तर दर डोसला दोन, म्हणजे 32. पुढच्या वर्षांत 13 डोस, 26 इंजेक्शनं. सगळे 'महिन्याला एक' म्हणून बारा धरतात आणि डिसेंबरात एका डोसचे पैसे कमी पडतात.

पहिलं टोचण्याआधी हे वर्षाचं कोष्टक नवऱ्यासमोर, सासऱ्यांसमोर, ज्यांच्या खिशातून जाणार त्यांच्यासमोर मांडा. दोन महिने घेऊन पैसे संपले म्हणून थांबणं सर्वांत महागात पडतं. आजार उलटतो, आणि मधे खंड पडला की शरीर औषधाविरुद्ध अँटिबॉडी बनवू शकतं, मग तेच इंजेक्शन पूर्वीसारखं लागू पडेलच असं नाही. वर्ष झेपणारच नसेल तर तसं डॉक्टरांना आधीच सांगा. मेथोट्रेक्सेट, सायक्लोस्पोरिन, अ‍ॅसिट्रेटिन यांवर संसार चालवणारेही आहेत. त्यात कमीपणा काही नाही.

आरोग्य विम्याचं असं: विमा नियामकाने 2019 च्या नियमांत बारा आधुनिक उपचारांची यादी दिली, तीत इंजेक्शनने दिलेली मोनोक्लोनल अँटिबॉडी आहे; सेक्युकिनुमॅब त्याच जातीचं. पण पॉलिसीत तिच्यावर वेगळी मर्यादा घातलेली असू शकते, ती ओळ शोधा. आधीपासूनच्या आजाराला जास्तीत जास्त 3 वर्षं थांबावं लागतं. आणि घरी टोचलेलं बहुतेक पॉलिसी ओपीडीत ढकलतात. डे-केअरमध्ये भरती होऊन घेतलं तर दावा उभा राहू शकतो, म्हणून टीपीएला, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने दावे बघणाऱ्या संस्थेला, आधी ईमेलने विचारा आणि उत्तर लेखी घ्या. माझा पहिला दावा 'कॉस्मेटिक' म्हणून फेटाळला गेला. पुवाचे फोटो, बायोप्सी आणि डॉक्टरांचं अर्ध्या पानाचं पत्र जोडून परत पाठवला, मग मंजूर झाला. 'त्वचा' हा शब्द दिसला की त्या लोकांना ब्युटी पार्लर आठवतं.

ईएसआयसी (कामगार विमा), सीजीएचएस (केंद्र सरकारी कर्मचारी), वेकोलि (कोळसा खाणी), रेल्वे: घरात यांतलं कुणाचं कार्ड असेल तर खाजगी दुकानात जाण्याआधी तिथली रेफरलची वाट बघा. महात्मा फुले योजनेबद्दल सरकारी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. कंपन्यांच्या रुग्ण-साहाय्य योजनाही असतात, काही विकत घेतली की काही मोफत अशा. डॉक्टरांनी फॉर्म भरल्याशिवाय त्यांत नाव लागत नाही. आणि भाव चार ठिकाणी काढा. गांधीबागेतल्या दवा बाजारात आणि रामदासपेठेतल्या दुकानात मला सारखा भाव कधी मिळाला नाही. मात्र घासाघीस करताना फ्रीज कुठे आहे तेही बघा.

नागपूरचा उन्हाळा आणि डबा

ही इंजेक्शनं 2 ते 8 अंशांत ठेवायची असतात. सेक्युकिनुमॅबच्या पत्रकात 30 अंशांच्या आत जास्तीत जास्त 4 दिवस बाहेर राहिलं तर चालेल असं लिहिलेलं असतं. आता मला सांगा, एप्रिल-मेमध्ये नागपुरात कुठल्या खोलीत 30 अंश असतात? कूलर लावूनसुद्धा नाही. मे 2024 मध्ये रामदासपेठेतल्या स्वयंचलित केंद्राने 56 अंश दाखवले होते. सेन्सर बिघडल्याचं हवामान खात्याने नंतर सांगितलं, पण तो आकडा वाचून इथे कुणाला फारसं नवल वाटलं नाही. ती 4 दिवसांची सवलत थंड हवेच्या गावांसाठी समजा.

दुकानातून घेताना आपला थर्मोकोलचा डबा न्या. जेल पॅक आणि इंजेक्शनच्या खोक्यामध्ये टॉवेलची घडी हवी, कारण गोठलं तरी औषध वाया. दुकानदाराला फ्रीजमधून आपल्यासमोर काढायला सांगा, बॅच आणि मुदतीचा फोटो काढा, थेट घरी या. नवतपा चालू असेल तर सकाळी दहाच्या आत. वाटेत तर्री पोहे खायला थांबायचं असेल तर दुकानात जाण्याआधी खा.

घरच्या फ्रीजमध्ये दारात नाही, फ्रीजरखाली नाही, मधल्या कप्प्यात आतल्या बाजूला. मी स्टीलच्या डब्यात ठेवते आणि वर चिठ्ठी लावली आहे: 'आईचं औषध, हात लावू नये, चॉकलेट नाही.' लाइट गेली तर फ्रीज उघडायचा नाही.

टोचायचा दिवस

पहिले एक-दोन डोस दवाखान्यात घ्या, नर्सताईंचा हात बघा. मग घरी जमतं. फ्रीजमधून काढून अर्धा तास बाहेर ठेवायचं, गरम पाण्यात घालायचं नाही, हलवायचं नाही. औषधात कण किंवा गढूळपणा दिसला तर वापरायचं नाही. जागा मांडीवरची किंवा पोटावरची, बेंबीपासून चार बोटं सोडून. दर वेळी बदलायची. चट्टा, व्रण, जखम असेल तिथे नाही. नंतर चोळायचं नाही. सुई जाड प्लॅस्टिकच्या झाकणाच्या बरणीत टाका आणि भरली की दवाखान्यात द्या. कचरागाडीवरच्या दादाच्या हाताला टोचली तर त्याचा काय दोष?

त्या दिवशी ताप, कफ, लघवीची जळजळ, पिकलेलं गळू असेल तर टोचू नका, आधी फोन करा. तारीख चुकली तरी फोनच. अंगावर पित्तासारख्या गांधी उठणं, ओठ सुजणं, श्वास अडकणं झालं तर थेट कॅज्युअल्टी.

त्यानंतरचे महिने

माझ्या पुळ्या पहिल्या पंधरवड्यात सुकल्या, मग हात-पायांची सालपटं आठवडेच्या आठवडे निघत राहिली. चादरीवर रोज सकाळी मूठभर. साधं व्हॅसलीन किंवा खोबरेल ओल्या अंगावर, अंघोळीनंतर लगेच. पाण्यात कडुलिंबाचा पाला घालायचा मोह होतो, पण फाटलेल्या कातडीला तो झोंबतो.

सेक्युकिनुमॅबने तोंडात किंवा जांघेत बुरशी होऊ शकते, मला जिभेवर पांढरं साचलं होतं, औषधाने गेलं. आतड्याचा जुना आजार असेल, किंवा जुलाबात रक्त पडू लागलं, तर लगेच सांगायचं. दोन आठवडे खोकला, संध्याकाळचा ताप, वजन उतरणं: आधीची टीबी चाचणी निगेटिव्ह असली तरी पुन्हा तपासून घ्यायचं.

सावजीचं विचारतात सगळे. रश्श्याने इंजेक्शन फुकट जात नाही. दारूबद्दल मात्र मी गप्प राहणार नाही, विशेषतः मेथोट्रेक्सेट किंवा टीबीच्या गोळ्या सोबत असतील तर. लिव्हर एकच असतं.

दिवस राहिले तर इंजेक्शन आपल्या मनाने सोडू नका आणि चालूही ठेवू नका. गर्भारपणात हा आजार स्वतःच भडकू शकतो, म्हणून स्त्रीरोग आणि त्वचारोग दोन्ही डॉक्टर एकमेकांशी बोलले पाहिजेत. शेवटच्या महिन्यांत बायोलॉजिक चालू असेल तर ते बाळाच्या अंगातही काही महिने राहतं. आपल्याकडे बीसीजी जन्मल्या-जन्मल्या टोचतात, म्हणून बाळंतपणाच्या फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहून ठेवा: बालरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय बीसीजी आणि रोटाव्हायरस देऊ नये. माझ्या भाचीला हाच आजार नाही, पण संधिवातासाठी असंच इंजेक्शन आहे. तिच्या वेळी ती लाल ओळ वाचून वॉर्डातल्या सिस्टरने हातातली सिरिंज ट्रेमध्ये परत ठेवली.